उसना ब्रश

थंडीतला बर्फ कुणालाही कळतो, एप्रिलमधला फक्त बोर्गहिल्डला, असं ग्रेनडालच्या स्की क्लबात म्हणत. ते खोटं नव्हतं. जानेवारीत बर्फ कोरडा असतो. तापमापक बघायचा, त्या आकड्याचं मेण डब्यातून काढायचं, स्कीच्या तळाला इस्त्रीने बसवायचं, झालं काम. एप्रिलमध्ये मात्र तोच बर्फ दिवसातून तीन सोंगं घेतो. पहाटे काचेसारखा टणक, नवाच्या सुमाराला जाड्या साखरेसारखा मोकळा आणि दुपारी नुसती पेज. त्यात पाइनच्या सुया, पराग, वाऱ्याने आणलेली माती. सकाळी लावलेलं मेण दुपारी दगा देतं. अशा दिवशी बोर्गहिल्ड मार्गावर दूरपर्यंत चालत जायची, हातमोजा काढून मूठभर बर्फ दाबायची, बोटांतून पाणी किती निथळतं ते बघायची आणि परत येऊन दोन वाक्यांत काय लावायचं ते सांगायची.

पोटासाठी ती शाळेची बस चालवायची. उरलेला वेळ क्लबच्या मेणाच्या खोपीत जायचा. एल्ड्रिड चार वर्षांची असताना तिचा नवरा किनाऱ्याकडे निघून गेला तो गेलाच. पोर त्या खोपीतच वाढली, बाकाखाली रंगीत मेणाचे तुकडे मांडत.

खोपीत तिच्यासोबत हल्ग्रिम असायचा. दोघांनी बावीस वर्षं एकत्र काम केलं. कामाची वाटणी कधी बोलून ठरली नव्हती, पण पक्की होती: ठरवायचं तिने, करायचं त्याने. हल्ग्रिमचा हात इस्त्रीवर असा काही समतोल चालायचा की मेणाचा थर कुठे कमीजास्त व्हायचा नाही. बाहेरच्यांना मात्र इस्त्री धरलेला हात दिसतो, बर्फ दाबलेली मूठ दिसत नाही. लोक हल्ग्रिमला मेणवाला म्हणत आणि बोर्गहिल्डला त्याची मदतनीस. तिला त्याचं वाईट वाटत नसे, निदान आपल्याला वाटत नाही असं ती समजायची.

मग फ्लोरवर, म्हणजे फ्लोरिन घातलेल्या मेणावर, बंदी आली. फ्लोरची पूड म्हणजे ओल्या बर्फावरची जादू होती. ती लावलेली स्की पाणी असं झटकायची की पायाखाली काही आहे असं वाटतच नसे. पण ती पूड झऱ्यात उतरली, मातीत उतरली आणि मेणवाल्यांच्या रक्तातही सापडली, तेव्हा शर्यतींतून ती कायमची हद्दपार झाली. तळावर धरून तपासायचं यंत्र आलं. हिरवा दिवा लागला तर ठीक, लाल लागला तर निकाल बाद.

बोर्गहिल्डने त्या उन्हाळ्यात खोपी धुऊन काढली. जुन्या इस्त्र्या, ब्रश, फडकी, सगळं गोळा करून घातक कचऱ्याच्या डेपोत नेऊन दिलं. बाकांवरच्या फळ्यासुद्धा बदलल्या. हल्ग्रिम दारात उभा राहून बघत होता.

"एवढं काय खरवडतेस? घर विकायला काढलंयस का?" तो म्हणाला.

"ब्रशच्या केसांत राहिलेली चिमूटभरसुद्धा त्या यंत्राला दिसते म्हणे."

"तो घोड्याच्या केसांचा ब्रश माझा आहे. तो मी नेतो. आठवण म्हणून."

तिने नेऊ दिला. लाकडी पाठीचा, त्याच्या बोटांनी झिजलेला ब्रश होता तो. त्याच शरदात हल्ग्रिम क्लब सोडून गेला. खालच्या शहरातल्या स्टोरनेस क्लबाने त्याला पगारी नोकरी दिली होती. आतून ऊबदार अशी मेणाची गाडी होती, तळावर रेघा पाडायचं यंत्र होतं, हाताखाली दोन माणसं होती. जाताना तो तिच्याकडे आला, कॉफी प्यायला, म्हणाला, बोलावतील तर तूही ये. कुणी बोलावलं नाही.

पुढच्या दोन हंगामांत एल्ड्रिड अशी काही वर आली की दऱ्याखोऱ्यांतले लोक तिचं नाव विचारू लागले. बावीस वर्षांची, लांब पायांची, कमी बोलणारी मुलगी. स्टोरनेसच्या पोरींकडे प्रत्येकी दहा-दहा जोड स्की असायच्या, हिच्याकडे तीन. पण त्या तिन्हींवर आईचा हात असायचा आणि वसंतातल्या शर्यतींत ते पुरत होतं. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी पठारावर हंगामाची अखेरची वीस किलोमीटरची शर्यत होती. जुन्या पद्धतीची, समांतर चरांतून धावायची. जिंकणारीला राष्ट्रीय चमूच्या उन्हाळी सरावात जागा मिळणार होती. अशी जागा ग्रेनडालच्या कुणाला तीस वर्षांत मिळाली नव्हती.

त्या सकाळी पाऱ्याने उणे चार दाखवलं. बोर्गहिल्डने स्कीच्या मधल्या भागाला, जिथे पाय रेटायचा असतो तिथे, निळं चिकट लावलं. हे चिकट म्हणजे नळीतून येणारं मधासारखं मेण. गोठलेल्या वसंती बर्फावर तेच पकड देतं, आणि हाताला, केसांना, कपड्यांना लागलं की आठवडाभर सुटत नाही. पुढच्या-मागच्या भागाला घसरण्याचं मेण बसलेलं होतंच. सगळं तयार होतं. आणि शर्यतीला दीड तास असताना दक्षिणेकडून उबदार वारा सुटला. अर्ध्या तासात पारा शून्याच्या वर सहावर गेला.

ती मार्गावर गेली, मूठ दाबली. मनगटावरून पाणी ओघळलं. आता तळ असाच ठेवला तर स्की बर्फाला चिकटणार होती, ओल्या काचेवर काच बसावी तशी. तळावर खोल रेघा पाडायला हव्या होत्या, पाण्याला वाट करून द्यायला. वर आणखी एक कडक मेण, म्हणजे पराग आणि माती रुतणार नाही. आणि निळ्या चिकटावर लाल चिकटाचा पातळ हात.

ती तंबूत धावली. दातेरी रूळ दाबून तळावर रेघा ओढल्या, मेण लावलं, पट्टीने खरवडलं. मग ब्रश घेतला आणि तिच्या लक्षात आलं की घाईत तो लाल चिकटाच्या फुटलेल्या नळीवर ठेवला गेलाय. केस न् केस एकमेकांना चिकटून त्याचा गोळा झाला होता. रेघांतलं मेण ब्रशने काढलं नाही तर रेघा पाडून उपयोग काय? वीस मिनिटं उरली होती. दुसरा ब्रश गावाकडे, खोपीत.

शेजारचा तंबू स्टोरनेसचा होता. हल्ग्रिमने तिचा चेहरा बघितला, टेबलावरचं बघितलं आणि काही न विचारता आपला एक ब्रश पुढे केला.

"स्वच्छ आहे ना?" तिने विचारलं.

"मेणाशिवाय कशाला शिवलेला नाही. घे, वेळ घालवू नकोस."

तिने घेतला, मधलं चिकट टाळून दोन्ही स्की शेंडीपासून शेपटीपर्यंत झाडल्या, ब्रश परत केला, मधे लाल चिकट फिरवलं आणि स्की घेऊन सुरुवातीच्या रेषेकडे पळाली.

एल्ड्रिड त्या दिवशी धावली ती बघणाऱ्यांच्या लक्षात राहिली. उतारावर ती नुसती उभी राहिली तरी पुढची मुलगी जवळ येत होती. चढावर तिचा पाय एकदाही निसटला नाही. एकवीस सेकंदांनी ती पहिली आली. दुसरी स्टोरनेसची होती. बोर्गहिल्ड मार्गाच्या कडेला उभी होती. तिने टोपी काढली आणि तोंडावर धरली, कारण रडणं तिला आवडत नसे.

पहिल्या तिघींच्या स्की तपासायला नेल्या. एल्ड्रिडच्या डाव्या स्कीवर यंत्र ठेवलं आणि दिवा लाल झाला. तपासणाऱ्याने यंत्र पुसलं, पुन्हा ठेवलं. लाल. उजव्या स्कीवर तीन ठिकाणी ठेवलं. तिन्ही ठिकाणी लाल.

क्षणभर बोर्गहिल्डला काही कळेना. मग तिला आठवलं की घाईत हातात घेतलेल्या त्या ब्रशची पाठ लाकडी होती.

मुख्य पंच एक तरुण बाई होती. तिने आवाज न चढवता एक कागद पुढे केला आणि विचारायला सुरुवात केली. मेण कुठलं, इस्त्री कुठली, क्लबच्या बाहेरचं एखादं हत्यार या स्कीला लागलं का? हल्ग्रिम तिथेच होता, चार पावलांवर, विजेची तार कोपरावर गुंडाळत. प्रश्न त्याला स्पष्ट ऐकू गेला होता. बोर्गहिल्डने त्याच्याकडे पाहिलं. तिला खात्री होती की तो आता तार खाली ठेवेल आणि म्हणेल, थांबा, तो ब्रश माझा. बावीस वर्षं एका बाकावर काम केलेला माणूस होता तो. त्याच्या तोंडून ते काढून घेणं तिला कमीपणाचं वाटलं. त्याने आपणहून म्हणावं म्हणून ती थांबली.

हल्ग्रिमने तारेचं शेवटचं वेटोळं घातलं, टोक आत खोचलं आणि गाडीकडे निघून गेला.

पंच बाईने पुन्हा विचारलं. बोर्गहिल्ड म्हणाली, आत्ता मला काही सुचत नाही. त्या प्रश्नापुढची जागा कोरी राहिली. खाली तिने सही केली.

जागा दुसऱ्या आलेल्या मुलीला मिळाली. तिच्या स्की हल्ग्रिमने केल्या होत्या.

परतीच्या रस्त्यावर एल्ड्रिड बाहेर बघत बसली होती. खिडकीबाहेर नदीवरचा बर्फ फुटून काळं पाणी दिसत होतं. मग तिने तोंड न वळवता विचारलं, "आई, तू लावलंस का?"

बोर्गहिल्डने गाडीचा वेग कमी केला. ती म्हणाली, नाही. मग ब्रशची गोष्ट सांगितली, सगळी, नळी फुटल्यापासून.

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तो बोलेल."

"तो तुझ्यासमोरून निघून गेला. तेव्हा तरी?"

रस्ता वळणावळणाचा होता, बोर्गहिल्ड तिकडे बघत राहिली.

"म्हणजे तू त्याची लाज राखलीस," एल्ड्रिड म्हणाली. "माझी नाही."

तिसऱ्या दिवशी बोर्गहिल्डने शर्यती भरवणाऱ्या स्की मंडळाला पत्र लिहिलं. नाव लिहिलं, वेळ लिहिली, ब्रशचं वर्णन लिहिलं. मंडळाने हल्ग्रिमला विचारलं. त्याने लेखी कळवलं की त्या सकाळच्या गर्दीत कुणी काय घेतलं ते आठवत नाही, आपले सगळे ब्रश बंदीनंतर घेतलेले आहेत, हवे तर तपासा. त्यांनी तपासले. सगळे नवे, नायलॉनचे, हिरवे. तंबूतल्या दुसऱ्या कुणी काही पाहिलं नव्हतं. मंडळाचं उत्तर दीड पानी आणि सभ्य होतं: खुलासा घटनेनंतर तीन दिवसांनी आला, जागेवर दिलेल्या जबाबात त्याचा उल्लेख नाही, सबब ग्राह्य धरता येत नाही. एल्ड्रिडचा निकाल बाद. बोर्गहिल्डला दोन हंगाम कुठल्याही शर्यतीत स्कीला हात लावायला मनाई.

ती त्याच्या घरी गेली. शहराच्या टोकाला त्याचं नवं घर होतं. तो दारात आला, आत ये म्हणाला, स्वयंपाकघरात बसवून कॉफी ओतली. त्याची बायको बाजारात गेली होती. टेबलावर वॉफल होते, त्यावर तपकिरी चीज. कुणी खाल्लं नाही.

"मुद्दाम दिलास, असं मी म्हणत नाही," ती म्हणाली.

"मुद्दाम कसा देईन? पेटीत दोन होते. घाईत हाताला आला तो दिला." तो थांबला. आपण काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आलं. पण आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तो जुना तिथे का होता तेही मला माहीत नाही. सवयीने घेऊन फिरतो. वापरत नाही."

"मी विचारलं होतं तुला. स्वच्छ आहे ना म्हणून."

"विचारलं असशील."

"दिवा लाल झाला तेव्हा तुला कळलं."

तो कप फिरवत राहिला.

"कळलं की नाही?"

"कळलं," तो म्हणाला. "पण माझ्या गाडीत तो ब्रश निघाला असता तर आमच्या आठ मुलींचा अख्खा हंगाम संशयाखाली गेला असता, बोर्गहिल्ड. आठ मुली. तुझी एक."

"आणि तुझी नोकरी."

"आणि नोकरी. साठीच्या माणसाला दुसरी कोण देतो? तुझं काय, बस आहे."

ती उठली. दारापर्यंत तो मागे आला. ब्रश कुठे आहे, तिने विचारलं. त्याच संध्याकाळी शेकोटीत टाकला, तो म्हणाला आणि मग, जणू तिला बरं वाटावं म्हणून, पुढे म्हणाला, "तुझ्या त्या रेघा बाकी झकास होत्या. ब्रश कुठलाही असता तरी पोरगी जिंकलीच असती."

ते खरं होतं आणि म्हणूनच तिला ते पुढे कित्येक महिने गिळता आलं नाही.

ती पुन्हा मंडळाला लिहू शकत होती की त्याने माझ्यापाशी कबूल केलंय. तिने कागदही काढला. पण साक्षीदार म्हणून कुणाचं नाव घालणार, वॉफलचं? गावात तोपर्यंत दोन तट पडले होते. एक म्हणायचा, बिचारी फसली. दुसरा म्हणायचा, आईच ती, लेकीसाठी काय करणार नाही? तिला दोन्ही सारखेच टोचायचे. बसमध्ये चढणाऱ्या मुलांचे आईबाप पूर्वी थांबून बर्फाचा अंदाज विचारायचे, ते आता नुसते हात हलवून जायचे.

सप्टेंबरमध्ये एल्ड्रिड उन्हाळाभर एकटीने केलेल्या सरावाहून घरी आली आणि जेवताना म्हणाली की ती स्टोरनेस क्लबात जातेय. त्यांच्या प्रशिक्षकाचा फोन आला होता.

बोर्गहिल्डने काटा खाली ठेवला. "तिथे स्की कोण करतो, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"आणि चालेल तुला?"

"ग्रेनडालमध्ये कोण करतो, आई? तुला मनाई आहे. खोपीला कुलूप आहे. मी कोरड्या स्कीवर धावू का?" तिचा आवाज चढला नव्हता. "तू म्हणतेस ते खरं असेल, हल्ग्रिम म्हणतो ते खरं असेल. मी तिथे नव्हते. मला धावायचंय एवढंच मला माहीत आहे."

खरं असेल. बोर्गहिल्डला बाकीचं सगळं समजत होतं. रागही समजत होता, जाणंही समजत होतं. हे 'असेल' तेवढं समजेना. तिने बटाटे पुढे सरकवले, आणखी घे म्हणाली.

एल्ड्रिडचा तो हिवाळा बरा गेला. कोरड्या बर्फावर स्टोरनेसची गाडी उत्तम होती. यंत्र होतं, आकडे होते, आणि हल्ग्रिमचा हात होताच. मार्चपासून बर्फ जसजसा ओला होत गेला तसतसे त्यांच्या मुलींचे निकाल घसरत गेले. बोर्गहिल्ड ते वर्तमानपत्रात बघायची, पान दुमडून ठेवायची. का घसरतात ते तिला इथे बसून दिसत होतं.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी पठारावर पुन्हा तीच शर्यत होती, जिंकणारीला पुन्हा तीच जागा. प्रेक्षक म्हणून यायला तिला मनाई नव्हती. ती आपली गाडी घेऊन लवकर पोचली. हवा अगदी वाईट होती. पारा शून्याला चिकटलेला, पहाटेपासून मोठमोठे ओले हिमकण पडत होते आणि खाली जुन्या बर्फाची मळकट पेज. मेणवाल्यांना याहून कठीण दिवस नसतो. चिकट लावलं तर नवा बर्फ त्याला धरतो आणि पायाखाली ढेकूळ बनतं, नुसतं मेण लावलं तर खालच्या पाण्यावर पाय मागे निसटतो.

ती गाडीतच बसून थर्मासमधली कॉफी पीत होती. काचेवर टकटक झाली. हल्ग्रिम उभा होता. टोपीवर बर्फ साचलेला, चेहरा ओढलेला. त्याच्या स्वयंपाकघरातल्या त्या कॉफीनंतर त्यांची ही पहिलीच भेट होती. तिने काच अर्धी खाली केली.

तो इकडचं तिकडचं बोलला नाही. चार जोड करून बघितले, म्हणाला. लाल चिकट, लाल-निळं मिसळून, चिकटावर झाकण म्हणून मऊ मेण. सगळ्यांना बर्फ धरतो. पाचवा जोड कसा करावा कळत नाही. मग काचेच्या कडेवर बोटं ठेवून म्हणाला, "तू असतीस तर काय केलं असतंस?"

बोर्गहिल्डला हसू आलं नाही. वाईपर एकदा सरकला, एकदा परत आला. तिला उत्तर पहाटे घरातून निघतानाच माहीत होतं. आणि दुसरंही एक उत्तर होतं. लाल चिकटच, पण जाड थर, असं म्हटलं की पुरे. तो करील, आजवर तिने सांगितलेलं त्याने नेहमी केलं होतं. एका किलोमीटरमध्ये स्टोरनेसच्या सगळ्या पोरी पायाला विटा बांधल्यासारख्या उभ्या राहतील आणि हल्ग्रिमच्या आयुष्यभराच्या नावाला सगळ्या पठारासमोर काळं लागेल. शब्द अगदी ओठांवर आले.

पण त्या सगळ्या पोरींत एक तिची होती.

"काढ सगळं," ती म्हणाली. "सॉल्व्हंटने पुसून काढ, मधल्या भागात मेणाचा थेंब राहता कामा नये. मग जाडा वाळूकागद घे, शंभर नंबरचा, आणि तळ उलटसुलट घास. केस उभे राहिले पाहिजेत, गालावर दोन दिवसांची दाढी असते तसे. त्यांच्यावरच पकड बसेल. वरून बर्फ न धरणारा फवारा, तोही फ्लोरशिवायचा."

तो शब्द तिने जरा सावकाश उच्चारला. हल्ग्रिमने नजर वळवली.

"आणि घसरणीला?"

"कडक मेण. वर जाड रेघा, दोनदा. दुसऱ्यांदा तिरक्या."

"तळ घासून टाकायचा म्हणजे स्की कायमची गेली की."

"गेली तर गेली. दहा-दहा जोड आहेत तुमच्याकडे."

तो मान हलवून वळला. दोन पावलांवर थांबला. तो आता काही म्हणेल असं तिला वाटलं, आणि आपल्याला अजूनही असं वाटतं याचा तिला संताप आला. त्याने घड्याळ बघितलं आणि तंबूकडे पळाला.

एल्ड्रिड चाळीस सेकंदांनी जिंकली. स्टोरनेसच्या तिघी पहिल्या पाचांत आल्या. बाकी क्लबांच्या मुली चढावर थांबून स्कीखालचा बर्फ काठीने खरवडत होत्या. यंत्राने हिरवा दिवा दाखवला. एल्ड्रिडने धावत जाऊन हल्ग्रिमच्या गळ्यात हात टाकले. स्थानिक रेडिओवाल्याने तिच्यासमोर माईक धरला तेव्हा ती धापा टाकत म्हणाली की आज स्की नव्हत्याच, पंख होते, आणि त्याचं श्रेय आमच्या मेणवाल्याला, एवढ्या वाईट हवेत असं धाडस फक्त तोच करू जाणे. हल्ग्रिम तिच्या शेजारीच उभा होता. रेडिओवाल्याने त्याला विचारलं, हे सुचलं कसं? तो म्हणाला, बरीच वर्षं झाली या कामात, बर्फ बघितला की कळतं.

बोर्गहिल्ड दोरीच्या अलीकडे दहा पावलांवर उभी होती. तिला प्रत्येक शब्द ऐकू आला.

थोड्या वेळाने एल्ड्रिड तिच्याकडे आली. गाल लाल, पापण्यांवर पाणी. दोरीवरून वाकून तिने आईला मिठी मारली, घट्ट मारली, वर्षात पहिल्यांदाच.

"पाहिलंस ना?" ती म्हणाली. "आई, आता तरी सोडून दे ते सगळं. वाईट माणूस असता तर त्याने आज माझ्यासाठी एवढं केलं असतं का? ऐन वेळी चारही जोड बाजूला ठेवून नवा केला त्याने."

बोर्गहिल्डने तिच्या खांद्यावरून तंबूकडे पाहिलं. हल्ग्रिम पाठ करून स्की पिशव्यांत भरत होता. सांगावं, आत्ताच, इथेच. पण काय सांगणार? पुन्हा तो आणि ती, पुन्हा साक्षीदार नाही, पुन्हा नंतर केलेला खुलासा. मुलगी मिठी सोडेल आणि त्याच शांत आवाजात म्हणेल, असेल.

"छान धावलीस," ती म्हणाली. "चढावर जरा पुढे झुकतेस अजून. तेवढं बघ."

"बघते." एल्ड्रिड हसली. बक्षीस समारंभासाठी तिला बोलावत होते. ती गेली.

बोर्गहिल्ड समारंभाला थांबली नाही. गाडीच्या काचेवर बर्फाचा जाड थर साचला होता. तिने तो बाहीनेच बाजूला केला, आत बसली आणि गाडी सुरू केली.

पुढच्या वसंतात तिची मनाई संपली. ग्रेनडालच्या अध्यक्षाने घरी येऊन खोपीची किल्ली तिच्यापुढे ठेवली, झालं गेलं विसरू या म्हणाला. तिने ती त्याच्याकडे परत सरकवली. आता मला बर्फातलं काही कळत नाही, असं तिने त्याला सांगितलं. तो जरा घुटमळला, पण त्याने ते खरं मानलं.

एल्ड्रिड त्या वर्षी राष्ट्रीय चमूबरोबर परदेशात होती. रविवारी फोन करायची. हल्ग्रिमलाही चमूने मेणवाल्यांत घेतलं होतं, वसंती बर्फाचा जाणकार म्हणून.